पाठीमागचा चंद्र

महाबळेश्वरच्या पठारावरील सर्वांत उंच जागा म्हणजे विल्सन पॉइंट. समुद्रसपाटीपासून १,४३९ मीटर उंचीच्या या माथ्यावरून पूर्व आणि पश्चिम या दोन्ही दिशा मोकळ्या दिसतात. परंतु प्रवासी मंडळींनी ही जागा सूर्योदयाला वाहून टाकली आहे आणि सूर्यास्तासाठी बॉम्बे पॉइंट निराळा नेमून दिला आहे. मागील मार्गशीर्षात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, मी त्या माथ्यावर होतो. थंडी चांगलीच बोचत होती. दीड-दोनशे स्त्रीपुरुष शाली व कानटोप्या सावरीत पूर्वेकडे तोंड करून उभे होते, आणि बहुतेकांचे मोबाइल हातांत सज्ज होते. या सर्वांच्या पाठीमागे, कोकणाकडील डोंगररांगांवर, पूर्ण वाटोळा चंद्र मावळतीला लागला होता. त्याचा रुपेरी रंग जाऊन ताकातल्या लोण्यासारखा फिकट पिवळा रंग आला होता, आणि त्याच्याखाली क्षितिजाला लागून निळसर करड्या रंगाचा एक पट्टा व त्यावर गुलाबी छटा, अशी शोभा पसरली होती. पूर्वेकडे अद्याप पाहण्याजोगे काही नव्हते. तरी कोणी मान वळविली नाही. सूर्याची कड वर येताच टाळ्या झाल्या, आरोळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. आणि पाचसात मिनिटांत माथा रिकामा झाला. चंद्र अजून डोंगरावर वीतभर उरला होता.

त्या समुदायात चंद्राकडे पाहणारी माणसे मला धरून दोन. दुसरा होता चहावाला. मी त्याला म्हटले, "काय हो, झकास दिसतोय ना?" तो म्हणाला, "त्याच्याच उजेडात आलो की वर. आता आठ-दहा दिस बॅटरी लागायची न्हाई. लोकं म्हंत्यात अंधारा पंधरवडा लागला. पर पहाटं कामाला निघणाऱ्याला ह्योच उजेडाचा." एवढे बोलून तो स्टोव्हकडे वळला, पण दूध वर येईपर्यंत त्याने आणखी दोनदा मान वळवून पश्चिमेकडे पाहिले.

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. शुक्ल पक्षातला चंद्र संध्याकाळचा सोबती असतो आणि पहाट होण्यापूर्वीच मावळून जातो. पौर्णिमेला तो रात्रभर आकाशात राहून सूर्योदयाच्या सुमारास मावळतो, आणि पुढे वद्य पक्षात पहाटेच्या वेळी तो आकाशात असतोच असतो. ज्यांचा दिवस दिवे लागल्यावर संपतो आणि ऊन वर आल्यावर सुरू होतो, त्यांनी त्या पंधरवड्याला 'अंधारा' म्हणावे हे ठीकच आहे. मी पंचांग पाहणाऱ्या घरात वाढलो, शाळेत चंद्राच्या कलांच्या आकृत्या काढल्या, आणि ही साधी गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर एका चहावाल्याकडून कळली.

हे सांगण्याचा हेतू प्रवासवर्णनाचा नव्हे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका व्याख्यानमालेत एका व्यासंगी समीक्षकांचे भाषण ऐकण्याचा योग आला. विषय होता निसर्ग आणि सौंदर्यदृष्टी. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा: सौंदर्य दिसावयास मन मोकळे व निरपेक्ष असावे लागते, ज्याला वस्तूशी काही कर्तव्य आहे, त्याला तिचे रूप दिसत नाही. शेतकरी ढगाकडे पाहतो तो पावसासाठी, कोळी चंद्राकडे पाहतो तो भरतीसाठी. सबब ढगाचे वा चंद्राचे सौंदर्य त्यांच्या गावीही नसते. ते सापडते कामातून सुटलेल्या, सुसंस्कृत, स्वस्थ माणसाला. भाषण ओघवते होते व सभागृह भरलेले होते. श्रोत्यांपैकी बहुतेक सर्व कामातून सुटलेले, सुसंस्कृत व स्वस्थ असल्यामुळे टाळ्याही पुष्कळ पडल्या.

या सिद्धांताचे मूळ जर्मन तत्त्ववेत्ता कांट याच्या १७९० सालच्या ग्रंथात आहे, हे जाणत्यांस सांगावयास नको. सौंदर्याचा निर्णय करिताना त्यात स्वार्थाचा वा लोभाचा अंश नसावा, असे त्याने प्रतिपादिले. पण त्याचे म्हणणे निर्णयाच्या त्या क्षणापुरते होते. अमुक वर्गाच्या माणसांना डोळे असतात व तमुक वर्गाच्या माणसांना नसतात, असा दाखला त्याने दिलेला नाही. तो दाखला आमच्या मध्यमवर्गाने आपल्या सोयीसाठी लिहून घेतला आहे. मला तो साफ अमान्य आहे. ज्याचा निसर्गाशी कामाचा संबंध आहे त्याचीच नजर आधी तयार होते, आणि तो संबंध तुटला म्हणजे मन कितीही मोकळे असले तरी डोळे, कोणी बोट दाखवील तिकडेच, वळतात, असे माझे म्हणणे आहे. विल्सन पॉइंटावरील दोनशे माणसांना पूर्वेकडे काय काम होते? काही नाही. पश्चिमेकडे? तेही नाही. इतकी निरपेक्ष मंडळी एका जागी मिळणे कठीण. आणि तेवढ्या निरपेक्षतेला मान फिरविण्याइतके कुतूहल काही सुचले नाही. जो वळला त्याला चंद्राच्या उजेडाशी रोजचे कर्तव्य होते.

कोणी म्हणेल, हा एका सकाळचा योगायोग. तर मग जुना साक्षीदार घेऊ. 'शाकुंतला'चा चौथा अंक म्हटला की आम्हांस शकुंतलेची पाठवणी आठवते व डोळ्यांस पदर लागतात. पण त्या अंकाच्या आरंभी झोपेतून नुकताच उठलेला एक शिष्य रंगभूमीवर येतो. प्रवासाहून परतलेल्या कण्वांनी त्याला रात्र किती उरली ते पाहावयास धाडिले आहे. म्हणजे तो निघाला आहे घड्याळ पाहावयास! त्या कामासाठी त्याने आकाशाकडे पाहिले, आणि एकीकडे अस्ताला जाणारा चंद्र व दुसरीकडे अरुणाला पुढे घालून येणारा सूर्य असे ते दृश्य संस्कृत साहित्यात कायमचे राहिले. कालिदासाला हे वर्णन एखाद्या रसिक राजपुत्राच्या तोंडी घालता आले नसते काय? त्याने ते सांगकाम्या शिष्याच्या तोंडी घातले. (त्या शिष्याने लगेच त्यातून मानवी उत्कर्षापकर्षाचा बोध काढावा, हे मात्र मला कधी आवडले नाही. आश्रमातला असला म्हणून काय झाले?) माघाने तर 'शिशुपालवधा'त रैवतक पर्वताच्या एका बाजूस उगवता सूर्य व दुसऱ्या बाजूस मावळता चंद्र पाहून त्यांस हत्तीच्या दोन्ही अंगांस लोंबणाऱ्या घंटांची उपमा दिली, आणि त्या एका उपमेवरून 'घंटामाघ' हे नाव मिळविले. रैवतक म्हणजे आजचा गिरनार. गिरनारावर आजही मंडळी पहाटे चढतात. त्यांपैकी किती जण दुसऱ्या घंटेकडे पाहतात, ते सोमनाथच जाणे.

पण पोथ्यांपेक्षा मला घरचा पुरावा अधिक वजनाचा वाटतो. माझी आजी वाईजवळच्या एका खेड्यात राहत असे. तिच्या घरात घड्याळ आले ते तिच्या उतारवयात. तोवर पहाटेचे सगळे वेळापत्रक आकाशावर चाले. परसामागे पश्चिमेला एक पिंपळ होता. पौर्णिमेच्या पहाटे चंद्र पिंपळाच्या शेंड्यात शिरला की जात्यावर बसावयाचे, आणि बुंध्याशी आला की सडा घालावयास उठावयाचे. दुसऱ्या दिवशी हा हिशेब चालत नसे, कारण चंद्र रोज सुमारे दोन घटका मागे राहतो. म्हणून तिथी मनात धरून तेवढी वजाबाकी करावी लागे. आजीला अक्षर येत नव्हते, पण ही वजाबाकी कधी चुकली नाही. एकदा मात्र ढगांतून अवचित चांदणे पडले आणि ती पहाट समजून मध्यरात्रीच जात्याला लागली. आजोबा उठून ओरडले तेव्हा अर्धी पायली दळून झाली होती. घरात ही गोष्ट दर दिवाळीला सांगितली जाई आणि दर दिवाळीला आजी तितकीच रागावे.

याच आजीने मला प्रथम दाखविले, की मावळता चंद्र पिंपळाच्या पानांतून एकसारखा दिसत नाही. पाने हलतात तसा तो फुटतो आणि पुन्हा जुळतो. "बघ, दळल्यासारखा पडतोय," ती म्हणाली. हे वाक्य कोणत्या निरपेक्ष आस्वादकाने उच्चारिले असते? त्याला मुळात दळण ठाऊक असावे लागते. महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्या पाहा. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या संग्रहात त्यांतल्या पुष्कळ एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नाने लाखावर ओव्या नोंदविल्या गेल्या. उगवत्या नारायणाला दारात हाक मारणाऱ्या ओव्या त्यांत कितीतरी आहेत. त्या रचणाऱ्या बायांना विसाव्याची पाच मिनिटे मिळत नव्हती. व्याख्यात्यांच्या सिद्धांताप्रमाणे त्यांना पिठाखेरीज काही दिसावयास नको होते.

कोळ्यांविषयी तर व्याख्याते साफच चुकले. अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला तेथे पायी जाता येते. पौर्णिमेला व अमावास्येला समुद्राला उधाण असते, भरती चढते दुपारी व मध्यरात्रीच्या सुमारास, आणि म्हणून पौर्णिमेचा चंद्र पहाटे मावळतो तेव्हा पाणी पुष्कळ दूर हटलेले असते. ओल्या वाळूवर मैदानभर चंद्राचा उजेड पडलेला, मध्ये किल्ल्याची काळी तटबंदी, आणि जाळी घेऊन चाललेली माणसे: हे दृश्य मी दोनदा पाहिले आहे. दोन्ही वेळा ज्याच्याबरोबर होतो तो म्हातारा कोळी वाटेत एकदा थांबला आणि काही न बोलता उभा राहिला. मी विचारले तेव्हा म्हणाला, "बुडतांना बघायचा असतो." त्याला भरती-ओहोटी कळावयास उभे राहण्याची काही गरज नव्हती, ती त्याला घरी निजल्या निजल्या कळते. मग तो का थांबला, याचे उत्तर 'कोळी चंद्राकडे भरतीसाठी पाहतो' या सूत्रातून निघत नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणी कबूल केली पाहिजे. श्रमाने माणूस पिचून गेला म्हणजे त्याला काहीच दिसत नाही, हेही खरे आहे. आजीच्या तळहातांचे घट्टे मी पाहिलेले आहेत, आणि चंद्रास्तासाठी जाते परत आणावे असे म्हणणाऱ्याला प्रथम एक पायली दळावयास लावावे. विजेची गिरणी आली ते उत्तम झाले. माझे भांडण विसाव्याशी नाही. विसाव्यालाच सौंदर्याचा मक्ता देण्याशी आहे. जुने काम गेले, त्याबरोबर पाहण्याचे कारणही गेले, आणि त्या रिकाम्या जागी आम्ही सहल बसविली. सहलीत स्थळ ठरलेले, वेळ ठरलेली, 'वा!' कोठे म्हणावयाचे तेही ठरलेले. बाकीचे आकाश बेवारस.

याच सहलीच्या वृत्तीचे एक अपत्य म्हणजे वर्तमानपत्रांतला 'सुपरमून'. हा शब्द रिचर्ड नोल नावाच्या अमेरिकन फलज्योतिष्याने १९७९ साली काढला, आणि आता वर्षातून दोन-चार वेळा तो ठळक अक्षरांत येतो. चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर सुमारे ३,५६,००० ते ४,०७,००० किलोमीटर यांच्या दरम्यान बदलते, त्यामुळे सर्वांत जवळच्या व सर्वांत दूरच्या पौर्णिमेच्या बिंबांत सुमारे १४ टक्क्यांचा फरक पडतो. दोन्ही बिंबे शेजारी ठेवता आली तर तो दिसेल. ती ठेवता येत नाहीत, म्हणून नुसत्या डोळ्यांस तो सहसा जाणवत नाही. तरीही त्या रात्री गच्च्या फुलून जातात, आणि पुढच्या पौर्णिमेला, जिला वर्तमानपत्राने विशेषण दिलेले नसते, कोणी खिडकीही उघडीत नाही.

मग आजच्या दिवाणखान्यातल्या माणसाने चंद्राशी कोणते काम काढावे? मला वाटते, जाणण्याचे. ज्ञानाने सौंदर्याचा नाश होतो अशी एक समजूत आमच्या कवींनी पसरवून ठेविली आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे पेशाने शिक्षक. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा प्रचंड ग्रंथ ज्या हाताने लिहिला त्याच हाताने त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले, आणि ज्यांना आकाशाचे गणित येते त्यांनाच ते किती मनमुराद आवडते याचा त्याहून चांगला दाखला मराठीत मला माहीत नाही.

विल्सन पॉइंटावर चंद्राखाली जो निळसर करडा पट्टा मी पाहिला, ती पृथ्वीची स्वतःची सावली होती. सूर्य उगवण्यापूर्वी ती पश्चिमेच्या वातावरणावर पडते, आणि सूर्य वर येऊ लागला की क्षितिजाखाली बुडत जाते. वरच्या गुलाबी छटेला युरोपीय लोक व्हीनसची मेखला म्हणतात. ग्रहणात चंद्राला झाकते ती हीच सावली. पौर्णिमेचा चंद्र मावळताना त्या पट्ट्यातून उतरतो. हे कळल्यापासून माझ्यापुरते ते दृश्य दुप्पट झाले आहे. तसेच, समुद्रावर चंद्राची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा तो वस्तुतः बहुतेक सगळा क्षितिजाखाली गेलेला असतो. त्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे, आणि हवेतून वाकून येणारे किरण त्याला तितकेच किंबहुना किंचित अधिक उचलून दाखवितात. खालची कड वरच्यापेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून तो दाबलेल्या लाडवासारखा चपटा होतो. आणि क्षितिजावर तो एवढा मोठा का दिसतो? तो मोठा नसतोच. हात लांब करून वाटाण्याचा एक दाणा धरा. माथ्यावरचा चंद्रही त्याने झाकतो आणि मावळतीचाही. क्षितिजावर तो आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येइतका दूर असतो, म्हणून उलट दीड टक्क्याने लहानच भरतो. हा भ्रम डोळ्यांमागे कोठे होतो याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. वाटाणा हातात घेऊन हे पडताळून पाहणारे मूल त्या रात्री चंद्राकडे जितका वेळ पाहील, तितका वेळ दहा कविता पाठ करून पाहणार नाही.

त्याहून लांब पल्ल्याचे कामही आहे. चंद्राच्या मावळण्याची जागा उत्तर-दक्षिण झोके घेते, आणि त्या झोक्याची लांबी सुमारे १८.६ वर्षांच्या चक्राने कमीअधिक होते. २०२४-२५ च्या सुमारास तो झोका सर्वांत मोठा होता. आपल्याकडे हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र खऱ्या पश्चिमेपासून जवळजवळ तीस अंश उत्तरेस जाऊन मावळला. २०३४ च्या सुमारास तोच सुमारे एकोणीस अंशांवर मावळेल. समोरच्या इमारतींच्या पाण्याच्या टाक्या मोजून एखाद्या मुलाने आज ही नोंद सुरू केली, तर ते पदवीधर होईल तोवर चंद्र दोन-तीन टाक्या डावीकडे सरकलेला असेल. यास दुर्बीण नको, महाबळेश्वर नको. फक्त पश्चिमेकडे उघडणारी गच्ची हवी.

गच्चीवरून आमच्या इमारतीतला प्रसंग सांगितला पाहिजे. आमची गच्ची वर्षभर कुलपात असते. गेल्या भाद्रपदात रहिवाशांच्या सभेत मी विनंती केली की, दर पौर्णिमेच्या पहाटे ती तासभर उघडी ठेवावी. कोणाला मुले घेऊन यावयाचे असल्यास येतील. एका सद्गृहस्थांनी विचारले, "एवढ्या पहाटे गच्चीत तुमचं काम काय?" मी म्हटले, चंद्र मावळताना पाहावयाचा आहे. सभेत हशा पिकला. "अहो, ते काही काम नव्हे," असे ते म्हणाले, आणि विनंती फेटाळली गेली. कोजागरीला मात्र रात्री बारापर्यंत गच्ची उघडावी असा ठराव एकमताने झाला. 'कोण जागे आहे?' असे विचारीत लक्ष्मी फिरते म्हणून ज्या रात्रीचे नाव कोजागरी, त्या रात्री आम्ही आटीव दूध पिऊन साडेबाराला निजतो आणि तिच्या प्रश्नाला घोरून उत्तर देतो.

मी मात्र त्या पहाटे पाचला जिन्याने वर गेलो, कुलूप तरी पाहू म्हणून. दार उघडे होते. नगरपालिकेचे पाणी पहाटे येते. पंप चालू करून टाकीची पातळी पाहावयास रखवालदार रोज वर जातो, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. मला पाहून तो दचकला नाही. कठड्याशी जागा करून देत त्याने समोर हात केला. "काल त्या टाकीच्या डाव्या अंगाला गेला, साहेब. आज उजव्या अंगाला जाईल." पश्चिमेला करडा पट्टा अद्याप उमटला नव्हता, आणि चंद्र टाकीपासून अजून पुष्कळ वर होता. मी विचारले, किती वेळ लागेल? "टाकी भरायला तासभर लागतो," तो म्हणाला. "तेवढ्यात जातो तो."